बागेचं वर्ष चैत्रात सुरू होतं

मैत्रिणींनो, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात द्राक्षं दिसायला लागली की तुम्ही किलो-दोन किलो घेता, मिठाच्या पाण्यात घालून स्वच्छ धुता आणि मुलं येता-जाता तोंडात टाकत वाडगा रिकामा करतात. तुमच्या दृष्टीने द्राक्षांचा हंगाम म्हणजे एवढे दोन महिने. ज्या घरी बाग आहे तिथल्या बाईला विचाराल, तर ती सांगेल, "बाई गं, आमचा हंगाम बारा महिने!" आणि त्या बागेतली निम्मी द्राक्षं खाण्याची नसून वाइनची असतील, तर बाराचे तेरा झाले म्हणून समजा.

नाशिकहून वणीकडे जाणारा रस्ता धरला की पंचवीसेक किलोमीटरवर दिंडोरी लागतं. सप्तशृंगीच्या गडावर जाताना तुमच्यापैकी पुष्कळजणी या रस्त्याने गेल्या असतील. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, उत्तरेला गडाचे डोंगर आणि मधे कादवेचं खोरं. करंजवण, ओझरखेड, वाघाड अशी धरणं याच तालुक्यात आहेत. वाघाडच्या कालव्याचं पाणी तर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थाच आपापसांत वाटून घेतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंची, थंडीत दिवसा कोवळं ऊन आणि पहाटे बोटं वाकडी करणारा गारठा. हा दिवसरात्रीतला फरकच द्राक्षाला मानवतो. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकून राहतो. वाइनला दोन्ही लागतं. नुसतं गोड द्राक्ष तिथे उपयोगी पडत नाही.

या तालुक्यातल्या एका गावी आमची चार एकर बाग आहे. दोन एकरांत खायची थॉम्पसन जातीची द्राक्षं आणि दोन एकरांत वाइनची : शिराझ ही काळी आणि शेनिन ब्लांक ही हिरवी. बागेच्या कडेला आमची वायनरी. 'वायनरी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सिनेमातली दगडी तळघरं येत असतील. आमची वायनरी म्हणजे पत्र्याची शेड. आतून उष्णता अडवणारे जाड तक्ते मारलेले, स्टीलच्या सहा टाक्या, द्राक्षं पिळायचं एक यंत्र, टाक्या थंड ठेवणारं दुसरं यंत्र आणि ओकच्या लाकडाची चार पिंपं. दोन एकरांत साधारण आठ टन द्राक्षं निघतात, त्यांची पाच हजार लिटरच्या आसपास वाइन होते. मोठ्या कंपन्यांच्या मानाने हा आकडा म्हणजे ताकातला थेंब.

हे सगळं आमच्या घरी आलं कसं, ते आधी सांगते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि पुढच्या काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनरीमागून वायनरी उभी राहिली. मामंजींनीही दोन एकर खायची द्राक्षं तोडून वाइनच्या जाती लावल्या. एका कंपनीशी करार झाला होता. भाव ठरलेला, उठाव ठरलेला. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांतली गर्दी ओसरली. कंपन्यांच्या टाक्या आदल्या वर्षीच्याच मालाने भरलेल्या, नवी द्राक्षं ठेवणार कुठे? ऐन तोडणीच्या वेळी कंपनीने हात वर केले. वाइनचं द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही. मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. शेजारपाजारच्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड पडली. मामंजींनी ती चालवली नाही, कारण मांडवाचं आणि ठिबकाचं कर्ज फिटायचं होतं आणि नवी बाग लावायला हातात पैसा नव्हता. दोन वर्षं मिळेल त्या भावाला माल दिला. त्यानंतर आमच्या ह्यांनी प्रशिक्षण घेतलं, परवान्यासाठी हेलपाटे घातले आणि ही शेड उभी केली. मी लग्न होऊन आले तेव्हा शेडवर पत्रे चढत होते.

आता वर्षाकडे वळू या. आमचं वर्ष चैत्रात, म्हणजे एप्रिलमध्ये सुरू होतं. खानदेशातली मंडळी सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेला निघालेली असतात तेव्हा आमच्याकडे खरड छाटणी चालू असते. नाव ऐकूनच कळेल. तोडणी झालेल्या वेलीची सगळी फूट कात्रीने खरडून काढायची, फक्त खोड आणि तारेवर पसरलेले दोन हात ठेवायचे. त्या हातांना आमच्याकडे 'ओलांडे' म्हणतात. भर उन्हात उघड्या पडलेल्या त्या वेली बघून नवख्या माणसाला वाटतं, बाग मेली.

युरोपात द्राक्षाची छाटणी वर्षातून एकदाच होते, कारण तिथे थंडीत वेल आपणहून झोपी जाते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे वेलीला झोपच येत नाही. तिला आपल्या मर्जीने वाढू दिलं तर फळ कधी नि किती येईल याचा नेम राहणार नाही. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटायची. एप्रिलची छाटणी काड्या तयार करायची, ऑक्टोबरची छाटणी त्या काड्यांवर फळ आणायची.

एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत, छाटणीपासून दीड-दोन महिन्यांच्या आत, पुढच्या घडाचं बीज धरतं. डोळ्यांना दिसत नाही असं ते काम. काडीवर भरपूर ऊन पडलं तर घड धरतात. पाऊस लवकर आला, ढग राहिले, काड्यांची गर्दी झाली, तर नुसत्या ताणवेली निघतात. म्हणजे तुम्ही फेब्रुवारीत खाता त्या घडाचा निकाल मे महिन्यातच लागलेला असतो. म्हणून मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते तेव्हा, मी पहाटे पाचला बागेत असते. जास्तीच्या फुटी काढायच्या, शेंडे खुडायचे, काडी तारेला बांधायची. हे बायकांच्याच हातांचं काम. सुरगाणा, पेठ या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बायका वेलीकडे बघत बघत, आपसांत बोलत बोलत, कोणती फूट ठेवायची नि कोणती काढायची हे ज्या वेगाने ठरवतात ते मला इतक्या वर्षांत साधलेलं नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमचं लक्ष आभाळाकडे लागतं. पानं ओली राहिली की डावणी, करपा यांची भीती. डावणी म्हणजे पानाच्या मागे पांढरी बुरशी धरते तो रोग. एकदा शिरला की चार दिवसांत बाग खलास. त्यावरचा जुना आणि आजही वापरात असलेला उपाय म्हणजे बोर्डो मिश्रण : एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. याची गोष्ट मी मुलांना वर्गात सांगते. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. निळसर डागांची द्राक्षं कोण खाणार? मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की त्याच वेलींना डावणी लागत नाही. १८८५ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आज आमच्या अंगणात निळ्या पिंपात काठीने ढवळलं जातं ते हेच.

पावसाळ्यात बागेत शिरता येत नाही, तेव्हा शेडमधलं काम निघतं. हंगामात केलेली वाइन टाक्यांत मुरत असते. तळाशी गाळ बसतो. वरची नितळ वाइन अलगद दुसऱ्या टाकीत घ्यायची, जशी आपण तूप कढवल्यावर बेरी मागे ठेवून वरचं तूप ओतून घेतो तशी. असं दोन-तीनदा. मग गाळणं, बाटल्या भरणं, बूच बसवणं, लेबल चिकटवणं. टाकी, नळी, बादली, फरशी सगळं चकचकीत लागतं. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. वाइनचंही तसंच. हवा लागली, अस्वच्छता राहिली, की तिचं शिरकं होतं. शेडमधलं ऐंशी टक्के काम म्हणजे धुणं-पुसणं. ते आम्हा बायकांना शिकवावं लागत नाही आणि म्हणूनच बहुधा ते काम आहे असंही कुणाला वाटत नाही.

गणपती गेले, नवरात्र जवळ आलं, की दुसरी छाटणी. हिला गोडी छाटणी म्हणतात. ओलांड्यावरच्या पक्क्या, तपकिरी झालेल्या काड्यांचे ठरावीक डोळे ठेवून बाकीची काडी उडवायची आणि लगेच एक-दोन दिवसांत त्या डोळ्यांना औषध लावायचं. आमच्याकडे त्याला नुसतं 'पेस्ट' म्हणतात. हायड्रोजन सायनामाइड हे त्यातलं रसायन. थंडीची झोप न मिळालेल्या वेलीला एकदम जागं करण्याचं काम ते करतं. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात आणि सगळी बाग एकाच वेळी फुटते.

या पेस्टबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. औषध विषारी आहे, हातमोजे घालूनच लावायचं असतं. पण त्याहून महत्त्वाची अट ही की, लावणाऱ्याने आदल्या दिवसापासून पुढे काही दिवस दारूला शिवायचं नाही. अंगात हे रसायन आणि दारू एकत्र आली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, माणूस दवाखान्यात जातो. त्यामुळे पेस्टच्या आठवड्यात टोळीतले पुरुष धाकाने का होईना, कोरडे राहतात. एका वर्षी आमच्याकडे येणाऱ्या टोळीतली एक मावशी डोळ्यांवर पेस्ट लावता लावता मला म्हणाली, "ताई, ही पेस्ट बारा महिने लावायची असती तर किती बरं झालं असतं!" तिच्या बरोबरच्या बायका हसल्या. मीही हसले. पण ती जिथे उभी होती तिथून आमच्या शेडचं दार वीस पावलांवर होतं.

नोव्हेंबर-डिसेंबर हे दोन महिने जीव मुठीत धरून काढायचे. घड फुलोऱ्यात आले की अवकाळी पाऊस नको असतो आणि हल्ली तो नेमका तेव्हाच येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट तुमच्याही लक्षात असेल. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस थांबलाच नाही आणि घड कुजून गळाले. २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीला निफाडच्या बाजूला गारा पडल्या. अशा वेळी बागेत गेलं की पायाखाली मण्यांचा सडा असतो आणि घरातलं कुणी कुणाशी बोलत नाही. मी त्या दिवशी स्वयंपाक नेहमीसारखाच करते. पोळ्या लाटत राहिलं की हात तरी चालू राहतात.

खायच्या आणि वाइनच्या द्राक्षांचे लाड याच काळात वेगळे होतात. खायच्या द्राक्षाचा मणी टपोरा, लांबट दिसायला हवा, म्हणून घड संजीवकाच्या पाण्यात बुडवतात, मणी विरळ करतात, उन्हाने डागाळू नये म्हणून कागदही लावतात. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नाही. रंग आणि चव सालीत असते, म्हणून मणी बारीकच बरा. खायच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन घ्यायची धडपड असते. वाइनच्या वेलीवरचे जास्तीचे घड आपण हाताने कापून टाकतो, म्हणजे राहिलेल्यांत दम येतो. सासूबाईंना पहिल्या वर्षी हे बघवलं नव्हतं म्हणे. पिकलेलं नाही, कुजलेलं नाही, असं पीक मातीत टाकायचं?

मग एक दिवस काळ्या द्राक्षाच्या हिरव्या घडात एखादा मणी जांभळा दिसतो. दगडासारखा टणक मणी मऊ पडायला लागतो. आमच्याकडे याला 'मण्यात पाणी उतरणं' म्हणतात. किती नेमका शब्द आहे पाहा! तिथून पुढे दीड-एक महिना आणि तोडणी.

तोडणीचा दिवस ठरवायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते. रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरली की साखर किती ते आकड्यात दिसतं. बावीस-तेवीसच्या आसपास आकडा आला की आमची शिराझ तोडायला आली. पण घरातला शेवटचा शब्द सासूबाईंचा. त्या मणी चावतात, बी तळहातावर घेतात, रंग बघतात. बी हिरवं असेल तर थांबायचं. बी तपकिरी झालं, दाताखाली कडकन फुटलं, की म्हणतात, "घ्या."

आता ऐका. सासूबाई माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणं आजवर चुकलेलं नाही. यात्रा बहुतेकदा जानेवारीत येते आणि तेव्हाच आमची तोडणी तोंडावर असते. तोडणीचा दिवस ठरवणाऱ्या या बाईंनी शेडचा उंबरा मात्र कधीही ओलांडलेला नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे : "माझं पीक बांधापर्यंत. पुढचं तुमचं तुम्ही बघा." त्या कुणाला अडवत नाहीत आणि आतही येत नाहीत. शेडमधून कुणी घरात आलं की हातपाय धुतल्याशिवाय देवघराकडे फिरकायचं नाही, एवढा नियम त्यांनी घातला आहे. तो आम्ही सगळे पाळतो.

तोडणी पहाटे, दव सुकायच्या आत-बाहेर, कारण गार द्राक्षंच शेडमध्ये जायला हवीत. क्रेट वजनाच्या काट्यावर आणि तिथून यंत्रात. यंत्र देठ वेगळे काढतं आणि मणी फोडतं. हिरव्या द्राक्षांचा रस लगेच पिळून घ्यायचा, रात्रभर थंड ठेवून गाळ खाली बसवायचा, मग त्यात यीस्ट घालून चौदा-पंधरा अंशांवर सावकाश आंबू द्यायचा. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट टाकीत जातो. गंमत अशी की काळ्या द्राक्षाचा रसही पांढुरकाच असतो. लाल रंग सगळा सालीचा. आंबायला लागलं की साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून दोन-तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबायचा. आठ-दहा दिवस हे चालतं. माझी नखं त्या दिवसांत जांभळी असतात. वर्गातल्या मुली विचारतात, "मॅडम, मेंदी काढली का?"

आंबताना साखरेचा अल्कोहोल होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हा वायू जड, खाली साचून राहणारा. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची पद्धत होती ना, तोच धोका इथे. टाकी रिकामी दिसली तरी वारा खेळवल्याशिवाय, दाराशी दुसरं माणूस उभं असल्याशिवाय, कुणीही आत वाकायचं नाही. हे शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं आहे. त्यात विजेचं रडगाणं वेगळंच. वीज गेली की टाक्या तापतात आणि तापलेल्या टाकीतली वाइन चवीला बिघडते. फेब्रुवारीत आमच्या घरी रात्री बाराला आणि तीनला गजर लागतो. तेव्हाच नेमक्या मुलांच्या परीक्षा जवळ येतात. शिवाय उत्पादन शुल्क खात्याची नोंदवही रोजच्या रोज भरावी लागते : किती द्राक्षं आली, किती रस झाला, कोणत्या टाकीत किती. बी.ए.ला इतिहास शिकले, पण सासरी माझा उपयोग झाला तो सुवाच्य अक्षराचा!

खायच्या द्राक्षांचा प्रकार निराळा. व्यापारी येतो, बाग बघतो, भाव ठरतो, ट्रक भरतो. बहुतेक जण सचोटीचे असतात. पण एका हंगामात एकजण निम्मे पैसे बुडवून गेला तो आजतागायत सापडलेला नाही. आमच्या तालुक्यात ही कहाणी घरोघरी ऐकायला मिळेल. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर द्राक्षं वेलीवर आणि बाजार बंद. पुष्कळांनी बेदाणे करून माल वाचवला. त्या वेळी मामंजी म्हणाले, "टाकीतली वाइन तेवढी थांबायला तयार आहे." ते खरंच होतं. वाइन नसती तर त्या वर्षी आम्ही मुलांची फी कशी भरली असती, कोण जाणे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. तुम्ही म्हणाल, "बाई, एवढं सगळं ठीक, पण शेवटी दारूच ना?" हाच प्रश्न मला आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारला. गांधी जयंतीच्या आठवड्यात व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला दिला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं दारू करतात, मग आम्हाला हा निबंध का?" वर्ग गपकन शांत झाला. त्या मुलाच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं पुष्कळ बोललं गेलं आणि राज्यभर वाद पेटला. आमच्या धंद्यातली मंडळीही हेच म्हणतात. मी ते वाक्य म्हणत नाही. आमच्या बाटलीवर साडेतेरा टक्के अल्कोहोल छापलेला आहे, ती आकडेवारी मीच वहीत भरते. औषध म्हणून चार घोट बरे, हेही मी कुणाला सांगत नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की हो, आमच्याकडे वाइन होते, तिच्यात अल्कोहोल असतो, तिच्यावर आमचं घर चालतं आणि तुझा निबंध मी पूर्ण मार्कांचा समजून तपासणार आहे. त्याने निबंध लिहिला. चांगला लिहिला. त्यात आमचं नाव घेतलं नव्हतं.

त्यानंतर घरात बसून आम्ही दोघांनी काही गोष्टी ठरवल्या. मजुरीच्या बदल्यात किंवा बक्षीस म्हणून वाइन कधीही द्यायची नाही. गावात सुटी विकायची नाही. कायद्याने ठरवलेल्या वयाखालच्या मुलामुलीला चाखायलाही नाही, बरोबर आईवडील असले तरी. आणि टोळीतल्या जोडप्यांची मजुरी नवऱ्याच्या हाती एकत्र न देता बाईची बाईच्या हातात द्यायची. हा शेवटचा नियम पहिल्या आठवड्यात भांडणाचं कारण झाला. दोन टोळ्या सोडून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांतली एक परत आली आणि ती आणणारी पेस्टवालीच मावशी होती. 'आडवी बाटली' म्हणून गावातल्या बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद करता येतं, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या गावात तशी वेळ आली तर माझं मत कुठे जाईल, असं ह्यांनी एकदा थट्टेने विचारलं. मी म्हटलं, दुकान आडवं करायच्या बाजूने. ते हसले नाहीत. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत या. नाशिकच्या आसपासच्या बऱ्याच वायनऱ्या पाहुण्यांना आतून दाखवतात. न पिणाऱ्यांनीही यावं, यंत्रं आणि टाक्या बघण्यासारख्या असतात. पण रस्त्याकडेच्या बागेत शिरून घड तोडू नका. चोरीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी फवारणीनंतर ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात आणि कालच फवारलेलं आहे की महिन्यापूर्वी, हे बाहेरून कळत नाही. बागेत माणूस असेल तर विचारा. नाशिकचा शेतकरी ओंजळभर द्राक्षांना नाही म्हणत नाही.

आणि जाता जाता सासूबाईंचा घरगुती बेदाणा. घरी वाइन करायच्या फंदात पडू नका, त्याला परवाना लागतो. हा मात्र खुशाल करा. हंगामाच्या शेवटी बिनबियांची, चांगली पिकलेली गोड द्राक्षं स्वस्त मिळतात, ती चार किलो घ्या. धुऊन, देठासकट लहान झुपके करून, उकळत्या पाण्यात अगदी काही सेकंद बुडवा. सालीवर बारीक चिरा दिसल्या की लगेच काढा, जास्त ठेवलीत तर शिजतील. पाणी निथळवून स्वच्छ पातळ कापडावर एकेरी पसरा, वरून दुसरं कापड घाला. वारा खेळता हवा. सावलीत वाळवले तर रंग हिरवट-सोनेरी राहतो, उन्हात वाळवले तर तपकिरी होतो, चव दोन्हींची छान. रोज एकदा हलवा. मुठीत दाबले आणि एकमेकांना चिकटले नाहीत की देठ चोळून काढा आणि कोरड्या बरणीत भरा. चार किलोंचे साधारण किलोभर होतात. आमच्या घरी ही बरणी सासूबाईंच्या ताब्यात असते. पेस्टवाली मावशी हंगाम संपवून सुरगाण्याला परत निघते तेव्हा तिच्या पिशवीत मजुरीबरोबर याची एक पुडी जाते.